उभे चढ आणि मधे तलावकाठ अशी १०४ किलोमीटरची लूप पूर्ण करायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकलने १०४ किलोमीटरची लूप, एकूण चढाई २२०० मीटर, पाच उभे चढ आणि त्यांच्या मधे तीन तलावांच्या काठाकाठाने जाणारे शांत रस्ते. चढांवर १२ ते १५ टक्के नेहमीचंच, दोन ठिकाणी २० टक्के. मागच्या वेळी तलावकाठी ताशी ३१-३२ चा स्पीड मस्त मिळाला, पण ६२ व्या किलोमीटरला तिसऱ्या चढावर उतरून चालावं लागलं, चौथ्यावर मांड्यांमधे गोळे आले आणि शेवटी गाडी बोलवून परत आलात. आता दोन महिने हातात आहेत, तर चढासाठी काय ट्रेनिंग करू, हलकी व्हील्स घेऊ का आणि लूप उलट्या दिशेने मारू का. तुमचं वजन ७२ किलो, गिअरच्या चक्रांचे दात पुढे ५०-३४, मागे ११-२८, टायर २५ मिमीचे, ब्रेक रिमचे.

मी बरीच वर्षं अशा चढांच्या राइड करतेय आणि पहिल्यांदा करणाऱ्यांची तयारीही करून घेते. तुमच्या सगळ्या लिहिण्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ३१-३२ वालं वाक्य. तुम्ही ते चांगली बाजू म्हणून लिहिलंय, पण माझ्या मते तुमची राइड तिथेच गेली. तिसऱ्या चढाच्या पायथ्याशी पोचलात तेव्हा पायात फारसं काही उरलेलंच नव्हतं आणि जे उरलं होतं ते २८ च्या गिअरने संपवलं.

कसं ते सांगते, थोडे आकडे येतील पण ते वाचाच. साध्या ५-६ टक्क्यांच्या घाटात एक सोय असते, दमलात की स्पीड कमी करायचा, १४ चा १० करा, १० चा ८ करा, सायकल चालत राहते. १५ टक्क्यांवर ही सोय संपते, कारण ताशी ६ च्या खाली गेलात की हँडल डावी-उजवीकडे पडायला लागतं आणि तोल सांभाळण्यातच निम्मा जीव जातो. म्हणजे ६ हा तुमचा कमीत कमी स्पीड. तुम्ही, सायकल, बाटल्या, टूल्स सगळं मिळून ८४ किलो धरा. हे ८४ किलो १५ टक्क्यांवरून ताशी ६ ने वर न्यायला साधारण २१५ वॉट लागतात आणि २० टक्क्यांवर २८५ च्या आसपास. यात घासाघीस चालत नाही. तुम्ही ताजे असा की दमलेले, तेवढे वॉट द्यायचे नाहीतर पाय खाली टेकवायचा.

आता तलावकाठ बघा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, हात हुडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवर ठेवून २८ ने जायला तुम्हाला साधारण १३५ वॉट लागत असतील. ३२ ने जायला १९० च्या आसपास, कारण वाऱ्याचा रोध स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. १२ किलोमीटरचा तलावकाठ २८ ने केला तर पावणेसव्वीस मिनिटं, ३२ ने केला तर साडेबावीस. वाचली किती, तर तीन मिनिटं आणि थोडे सेकंद. त्यासाठी ५५ वॉट जास्त, म्हणजे ४० टक्के जास्त, तेही ज्या पायांनी पुढच्या दहा मिनिटांत २१५ ते २८५ द्यायचेत त्याच पायांनी. अशा लूपमधे तुम्हाला जोर कमी-जास्त करायची मुभा जवळजवळ फक्त तलावकाठीच आहे, चढावर ती नाहीये, म्हणून राखून ठेवायचं ते तिथेच.

इथे एक गोष्ट मान्य करते की तुमचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील एवढे वॉट, तुम्ही लिहिलेला नाही आणि बरंच काही त्यावर आहे. तो १८० असेल तर २८५ वाला तुकडा पाचव्या चढावर मारणं कठीणच, तिथे चालायचंच असं आधी ठरवून निघा, आणि २६० असेल तर तुम्हाला ट्रेनिंगची फार गरजच नाही, नुसता गिअर आणि शिस्त पुरेल. मी पुढचं सगळं २१०-२२० धरून लिहितेय. पॉवर मीटर नसेल तर तलावकाठी पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे एवढी खूण ठेवा, ती जवळपास बरोबरच निघते.

गिअरचं बोलू, कारण पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. ताशी ६ म्हणजे मिनिटाला बरोबर १०० मीटर. तुमच्या ३४ पुढे-२८ मागे या जोडीत पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटरच्या थोडं पुढे जाते, म्हणजे ६ च्या स्पीडला कॅडेन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) येतो ३९. मागे ३४ लावलात तर ४७-४८. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ५४. वॉट तेच, २१५, पण ३९ ला पेडलवर सरासरी ३१ किलोचा दाब सतत द्यावा लागतो आणि ५४ ला २३ किलोचा. प्रत्येक फेरीला आठ किलोचा फरक, आणि एका किलोमीटरच्या चढात अशा जवळजवळ चारशे फेऱ्या येतात. मांड्यांमधले गोळे कशाने येतात यावर वेगवेगळी मतं आहेत, मीठ-पाणी कमी पडणं हे एक कारण सांगतात, पण मी जेवढे लोक असल्या चढांवर गोळ्यांनी बसलेले बघितलेत त्यातले बहुतेक सगळे ४० च्या खालच्या कॅडेन्सने दोन-तीन चढ ओढून आलेले होते. स्नायूला सवय नसलेला जोर वारंवार लावला की तो असाच आखडतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय गिअरवर आहे.

हलक्या व्हील्सचं उत्तर यातच आलं. सायकलचं वजन एक किलोने कमी केलंत तर १५ टक्क्यांच्या एक किलोमीटरला, जो ६ ने दहा मिनिटांत होतो, तुमचे वाचतील सात सेकंद. सात. त्याच्या कितीतरी पट कमी खर्चात ११-३४ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, येते आणि ती तुम्हाला पूर्ण चढ सायकलवर बसून करू देईल. हां, कॅसेट घ्यायच्या आधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, बघा, त्याचा पिंजरा आखूड असेल तर तो ३४ दात घेणार नाही, आणि घेतला तरी चेन लांब करावी लागू शकते. पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र असा गिअर चुकून पडला आणि चेन आखूड असली तर डिरेलर आणि तो जिथे लटकतो तो हँगर दोन्ही तुटतात, आणि हे चढावर जोर लावतानाच होतं. दुकानात बसवून घेतलंत तरी स्टँडवर पुढे ५० आणि मागे ३४ हा गिअर हाताने टाकून डोळ्यांनी बघा, चेन ताणून तारेसारखी झाली तर ती आखूड आहे.

आता तलावकाठाकडे परत येते, कारण या रस्त्यांबद्दल कोणी फार बोलत नाही आणि फसायला सगळ्यात जास्त तिथेच होतं. एक म्हणजे ते सपाट नसतात. नकाशावर सरळ रेघ दिसते, प्रत्यक्षात काठाच्या प्रत्येक वळणावर दीडशे-दोनशे मीटरची ५-६ टक्क्यांची चढण असते, वर जाऊन परत पाण्याच्या पातळीला खाली. माणूस मोमेंटम टिकवायचा म्हणून अशा प्रत्येक चढणीवर उभं राहून ३५०-४०० वॉट मारतो, वीस सेकंद, काही वाटत नाही, आणि १२ किलोमीटरमधे असं पंधरा वेळा होतं. मी यांच्या आधीच छोट्या चेनरिंगवर, म्हणजे पुढच्या छोट्या चक्रावर, येते, बसूनच वर जाते आणि स्पीड १६ वर आला तरी येऊ देते.

दुसरं वाऱ्याचं. पाण्यावर वाऱ्याला अडवायला झाड नाही, घर नाही, त्यामुळे काठावर तो आतल्या रस्त्यापेक्षा जोराचा असतो, आणि तलाव दोन डोंगरांच्या मधे लांबट असेल तर वारा त्याच्या लांबीने नळीतून आल्यासारखा येतो, एकतर समोरून नाहीतर पाठीमागून. पहाटे साधारण शांत, डोंगरउतार तापले की खालून वर वाहायला लागतो. याचा अंदाज पाण्याकडे बघून घेता येतो. समोरच्या पाण्यावर काळसर खरखरीत पट्टा सरकताना दिसला की तो झोत आहे, तुमच्यापर्यंत यायला काही सेकंद असतात, तेवढ्यात हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर घ्या, कोपरं वाकवा, एक गिअर हलका करा. पाणी काचेसारखं असेल तर निवांत. सायकल कंप्युटरवर डोळे लावून बसलं की हे दिसत नाही, म्हणून मी तलावकाठी स्पीडचा आकडा स्क्रीनवरून काढूनच टाकते. समोरून वारा असेल तर २८ विसरा, जोर तोच ठेवा आणि स्पीड २२ झाला तर २२.

माझंच सांगते. एका अशाच लूपमधे दुसऱ्या तलावावर वारा पाठीमागून होता, चार जणांचा एक ग्रुप पुढे गेला, मी चिकटले, ३८ चा स्पीड दिसत होता आणि श्वासही फार लागत नव्हता असं वाटत होतं. पाठीमागून वारा असला की चेहऱ्यावर हवा लागत नाही, अंग थंड होत नाही, घाम वाळत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या चढाच्या पहिल्याच हेअरपिनला, म्हणजे यू आकाराच्या वळणाला, घाम टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या दांड्यावर) टपटप पडत होता, स्पीड ५ च्या खाली गेला की कंप्युटर ऑटो-पॉजला जाऊन बीप करायचा, परत चालू, परत बीप. दुसऱ्या हेअरपिनला मी आतल्या बाजूने वळले, तिथे १८ टक्के होतं, पुढचं चाक रस्त्यावरून उचललं गेलं, बूट पेडलला अडकवणाऱ्या क्लीटमधून पाय निघाला नाही आणि मी उजव्या कुशीवर आडवी झाले. कोपर फुटलं, बाकी काही नाही. पण तो प्रसंग चढावर घडला असला तरी चूक तासभर आधीची होती, आणि त्या दिवसापासून मी तलावकाठी कोणाच्याही चाकाला माझ्या आकड्यापेक्षा जास्त जोराने चिकटत नाही.

त्या पडण्यातून टेक्निकच्या दोन गोष्टी. हेअरपिनची आतली बाजू नेहमी जास्त उभी असते, अंतर कमी आणि उंची तेवढीच म्हणून. तुमच्या बाजूची लेन जेवढी देते तेवढंच बाहेरून जा, पलीकडच्या लेनमधे मात्र जाऊ नका, वळणापलीकडून काय येतंय ते दिसत नसतं. आणि १५ टक्क्यांच्या वर पुढचं चाक हलकं होतं तेव्हा बसल्या बसल्या सीटच्या टोकाला सरका, छाती हँडलकडे न्या, कोपरं खाली सोडा, हँडल खेचू नका. रस्ता ओला असेल किंवा पानं-शेवाळ असेल तर उभं राहणं टाळा, वजन पुढे गेलं की मागचं चाक सटकतं. कोरडं असेल तर दर मिनिटाला दहा-बारा फेऱ्या उभं राहून घ्या, पाठ मोकळी होते. गिअर मात्र चढ लागायच्या आधीच टाकून ठेवा, पूर्ण जोर लावलेला असताना छोट्या चेनरिंगवर यायला गेलात की चेन पडते.

सरासरी टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. दोन किलोमीटरला सरासरी १० टक्के म्हणजे त्यात २० चे ३०० मीटर आणि मधे जवळजवळ सपाट तुकडा असू शकतो. तुमच्या लूपच्या फाइलमधे १००-१०० मीटरचे तुकडे करून बघा, २० चे तुकडे कुठे आहेत आणि त्यांच्या आधी श्वास घ्यायला जागा कुठे आहे हे कागदावर लिहून टॉप ट्यूबवर चिकटवा. मी हे आजही करते.

आणि चालण्याबद्दल. तुम्ही ते असं लिहिलंय जणू तिथे हरलात. २० टक्क्यांचे ३०० मीटर ६ ने सायकलवर गेलात तर तीन मिनिटं, ४ ने चालत गेलात तर साडेचार. फरक दीड मिनिटाचा, आणि त्या बदल्यात २८५ वॉटची तीन मिनिटं वाचली. चौथ्या-पाचव्या चढावर पाय थरथरायला लागले तर पूर्ण बंद पडायच्या आधी, स्वतः ठरवून, नीट क्लीट काढून उतरा आणि चाला. थोडी कमी चढण आली की परत बसा. उभ्या तुकड्यातच परत बसायचं असेल तर रस्ता दोन्हीकडून रिकामा बघून सायकल तिरकी लावा, एक पाय क्लिप करा, दुसऱ्याने बुटाच्या मधल्या भागाने ढकला, क्लिप नंतर लावली तरी चालतं.

दिशेचं उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे आणि तो मी बघितलेला नाही, पण मी कशी ठरवते ते सांगते. प्रत्येक डोंगराची एक बाजू उभी असते, एक त्यातल्या त्यात बरी. उभी बाजू चढायला अवघड, पण ती उतरायला त्याहून वाईट असते, विशेषतः रिम ब्रेकवर आणि ओल्या रस्त्यावर. म्हणून पाऊस किंवा दव असेल तर मी उभी बाजू चढते आणि बरी बाजू उतरते. कोरडं असेल तर ज्या दिशेने सगळ्यात उभे दोन चढ पहिल्या निम्म्यात येतात ती दिशा घेते. या दोन्हीत फरक पडत नसेल तर शेवटच्या तलावावर दुपारचा वारा कुठून असतो ते बघून ठरवते, कारण ९० किलोमीटरनंतर समोरून येणारा वारा हा सहावा चढच असतो.

उताराचं एवढं ऐका. १२ टक्क्यांच्या उतारावर ताशी ३० ने ब्रेक धरून सतत उतरत राहिलात तर ब्रेकमधे साधारण ६५० वॉटची उष्णता जाते, ती सगळी रिमला लागते. रिम तापला की ट्यूबमधली हवा तापते, कार्बन रिम असेल तर तो खराबही होतो. ब्रेक सतत घासत ठेवू नका. सरळ रस्ता दिसतोय तिथे सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात धरून स्पीड तोडा, वळणात सोडा. ढुंगण सीटच्या मागे, पेडल आडवे, हात ड्रॉपवर, कारण हुडवरून उभ्या उतारावर बोटांना तेवढा जोर मिळत नाही. निघायच्या आधी ब्रेकचे पॅड किती उरलेत ते बघा. आणि वरती पोचलात की विंडचीटर आधी घाला, मग उतरा. घामाने भिजलेलं अंग घेऊन दहा मिनिटं खाली आलात आणि खाली झाडांच्या सावलीतला थंड तलावकाठ लागला तर मांड्या गारठतात आणि पुढच्या चढाला त्या गरम व्हायलाच वेळ जातो. ब्रेकच्या कॅलिपरमधे बसत असतील तर टायर २८ मिमीचे घ्या, तुमच्या वजनाला मी ७५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवली असती.

खाण्याचं गणित सोपं आहे. नुसती २२०० मीटरची चढाई म्हणजे तुमच्या ८४ किलोला १८०० किलोज्यूल काम, आणि एक कॅलरी म्हणजे साधारण चार किलोज्यूल, पण शरीर एक चतुर्थांशाच्या आतबाहेरच कार्यक्षम असल्यामुळे तेवढ्याच म्हणजे १८०० च्या आसपास कॅलरी फक्त चढांना जातात, सपाटीचं वेगळं. शरीरात साठलेलं ग्लायकोजन, म्हणजे कर्बोदकांचं (कार्बचं) इंधन, साधारण तेवढंच असतं. म्हणजे बाहेरून घातल्याशिवाय हे होणारच नाही. तासाला ६० ग्रॅम कार्ब धरा, पहिल्या वीस मिनिटांपासून. चढावर खाता येत नाही, धाप लागलेली असते आणि एक हात सोडता येत नाही, उतारावर तर प्रश्नच नाही, म्हणून सगळं खाणंपिणं तलावकाठी. ३२ ने पळवत असाल तर तिथेही खाल्लं जात नाही, हे आणखी एक कारण. चढ सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी खाऊन मोकळं व्हायचं, अगदी पायथ्याशी पोट भरू नका.

दोन महिन्यांचं ट्रेनिंग आठवड्याला तीन राइडमधे बसतं. एक राइड कमी कॅडेन्सची, ५०-५५ वर बसूनच, दहा मिनिटांचे तीन तुकडे आणि महिन्याभराने चार, जोर एफटीपीच्या थोडा खाली. चढ जवळ नसेल तर समोरच्या वाऱ्यात किंवा ट्रेनरवर, म्हणजे घरात जागेवर सायकल चालवायच्या स्टँडवर करा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा. दुसरी राइड एक-दीड तास अगदी आरामात. तिसरी लांब, तीन ते पाच तास, आणि तिच्यात मेख अशी की चढ शेवटच्या तासात करायचे, सुरुवातीला नाही. ताज्या पायांनी चढ तुम्हाला मागच्या वेळीही जमले होते, पहिले दोन केलेतच की. सराव हवाय तो दोन तास झाल्यावर २१५ देण्याचा. दर चौथा आठवडा हलका आणि लूपच्या आधीचे सात दिवस निम्म्याच वेळाचे. सहाव्या आठवड्यात जमलं तर लूपचा फक्त एक तुकडा करून बघा, दुसरा तलाव आणि तिसरा चढ, तलावावर २६-२८ च्या वर न जाता. तिसरा चढ बसून झाला तर बाकीची लूप होईल.

डिरेलरच्या मागे मॉडेल नंबर कोरलेला असतो, तो आणि तुमचं मागचं सेटिंग १० स्पीड आहे की ११ हे इथे लिहा, आणि जमलं तर मागच्या राइडची फाइलही टाका. तोवर कॅसेट घेऊ नका.